तपासनिसाचे मौन

भयाला विवेकाची भाषा फार लवकर अवगत होते. ते सावकाश बोलते, पुरावे मांडते, दुसऱ्याच्या हिताची चिंता वाहते. आणि म्हणूनच ज्याच्या मुखातून ते बोलत असते त्यालाही पुष्कळदा उमगत नाही की हे आपले ज्ञान बोलते आहे की आपली भीती. ज्याने जन्मभर इतरांना धोक्यांपासून राखले, त्याच्यावर उतारवयात आपल्याच सावधपणाची शहानिशा करण्याची वेळ यावी, ही अवस्था खरोखर अनुकंपनीय होय. आमच्या परिचयातील एका सज्जन गृहस्थांवर ती आली.

हे गृहस्थ निवृत्त लिफ्ट-तपासनीस होते. शहरातील उंच इमारतींमध्ये, लिफ्टच्या डब्याच्या टपावर बसून, अंधाऱ्या पोकळीतून वर-खाली जाण्यात त्यांचे तारुण्य गेले. डब्याच्या पोलादाला तळहात लावून ते डोळे मिटत. आवाज कानापर्यंत पोचण्याआधी कंप हाताला समजतो, असे ते म्हणत. त्यांच्या कामाचा एक दंडकही होता. डब्यात माणसे असताना सापडलेली खोट बोलून दाखवायची नाही. लिफ्ट शांतपणे खाली आणायची, दार उघडायचे, शेवटचा माणूस बाहेर पडला की फाटक लावायचे आणि मग तोंड उघडायचे. कारण भ्यालेली माणसे बंद जागेत काय करतील याचा नेम नसतो. दोर झिजलेला आहे हे ठाऊक असूनही शेजारच्या लेकुरवाळीकडे पाहून मंद हसत उभे राहणे, ही त्यांच्या व्यवसायातील सर्वांत अवघड विद्या होती आणि ती त्यांनी उत्तम साधली होती.

मात्र कामावर जे गिळले जाई ते सारे घरी बाहेर पडे. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवीत. सारी आळी त्यांना 'बाई' म्हणे, आणि आपणही तेच म्हणू. बाईंनी निळ्या खडूने फळ्यावर किती नद्या समुद्राला नेऊन मिळवल्या त्याची गणती नाही, पण एकाही नदीच्या मुखाशी त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. समुद्राकाठी पाहिलेल्या खोलीच्या भिंतीला ओल होती. डोंगरावरच्या विश्रामगृहाचा जिना डुगडुगत होता. गावाच्या टोकाला एक बैठे घर बाईंच्या मनात भरले होते, त्याचे छप्पर मध्यावर खचते आहे असे तपासनिसांनी सांगितले. त्या घरात पुढे दुसरे कुटुंब आले, त्यांची मुले मोठी झाली, छप्पर अजून जागच्या जागी आहे. बस त्या घरावरून जाऊ लागली की बाई खिडकीबाहेर पाहत राहत. त्या दिवशी आपण खरोखर काही पाहिले होते का, हे आता तपासनिसांनाही सांगता आले नसते.

निवृत्तीनंतर बाईंनी ठरवले की जायचेच, आणि जाताना घर बरोबर न्यायचे, म्हणजे परक्या भिंतींचा प्रश्नच नको. चाकांवरचे घर, आत निजायचे, आत रांधायचे, वाटेल तिथे थांबायचे. शहराबाहेरच्या एका विक्री-आवारात अशा मोटारघरांच्या रांगा होत्या. कुंपणाबाहेरून पाहून बाईंनी त्यांतली दोन निवडली आणि दोहोंना नावेही ठेवली.

एक 'नवरी'. पांढरीशुभ्र, लांबलचक, प्रदर्शनांतून मिरवून आलेली आणि म्हणून किंमत उतरवलेली. तिच्यात गरम पाण्याची न्हाणी होती, ओव्हन होता, छपरावर वातानुकूलन यंत्र आणि सौरपत्रे होती, कुशीतून बाहेर ओढता येणारे छत होते, पायरीखाली निळा दिवासुद्धा होता. दुसरी 'आत्याबाई'. करड्या रंगाची, ठेंगणी, जाड भिंतींची. आत दोन अरुंद पलंग, दोन बर्नरची शेगडी, एक मोरी आणि संडास. बस्स. आणि किंमत मात्र नवरीहून जास्त.

"जास्त पैसे देऊन कमी वस्तू घ्यायच्या, हे कुठलं शहाणपण?" बाईंचा धाकटा भाऊ जेवता जेवता म्हणाला. तो अशा सल्ल्यांसाठी आवर्जून जेवायला येई. "ताई, तू नवरीच घे. आत्याबाईत आहे काय? दोन फळ्या आणि एक शेगडी. तेवढं तर या स्वयंपाकघरात आहे. यालाच चाकं लाव."

"भिंतीची जाडी पाहिली पाहिजे," तपासनीस म्हणाले. "वजन छपरावर किती आहे आणि ते पेलणारं..."

"झालं," बाई म्हणाल्या.

भाऊ हसला. "भावोजी, तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली होती."

"तिचा मागचा पाय सैल होता."

"होता ना. बाबा पुढे जन्मभर त्याच खुर्चीवर बसले."

तपासनीसही हसले. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट होती ती. पण भाऊ गेल्यावर बाईंनी ताटे विसळली, आणि एकेक ताट पुसत, पाठमोऱ्याच, त्या म्हणाल्या, "अहो, एक मागते. द्याल?"

"माग की."

"उद्या खोट काढायची नाही. दोन्ही गाड्या मी बघीन, मी चालवीन, मी ठरवीन. सही होईपर्यंत तुम्ही तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही."

"आणि काही दिसलंच तर?"

"तुम्हाला दिसतंच. दिसलं नाही असं कधी झालंय?" बाईंच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तपासनिसांना बरे वाटले असते. "या वेळी तुम्ही काढलीत खोट, तर मी भांडणार नाही. गाडी नको तर नको. पण मग पुन्हा कुठे जायचं नाव मी घेणार नाही. सारखं सारखं मागायचं बळ आता माझ्यात नाही उरलं."

तपासनिसांनी त्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिले. दोर तुटण्यापूर्वी त्याचा एकेक तंतू कसा निःशब्दपणे सुटत जातो, हे त्यांनी पुष्कळदा पाहिले होते.

"दिला शब्द," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवाराच्या दारात विक्रेत्याने हसतमुखाने त्यांचे स्वागत केले. मनुष्य गोल चेहऱ्याचा, बोलका आणि मुळीच दुष्ट नव्हता. "या काका, या काकू. नवीच म्हणायची ही, फक्त चार लोकांनी आत येऊन वाहवा केलेली," असे म्हणून त्याने नवरीचे दार उघडले. बाई आत गेल्या आणि तपासनीस त्यांच्या मागोमाग गेले, दोन्ही हात कोटाच्या खिशांत घट्ट कोंबून. कारण हात बाहेर राहिले तर ते आपोआप भिंतीवर जातील आणि कोपरे दाबू लागतील याची त्यांना खात्री होती.

बाईंनी न्हाणीचा नळ सोडला. पाण्याखाली बोटे धरली. पाणी कोमट झाले, मग ऊन झाले, आणि आरशावर हलकी वाफ धरली. बाई वळल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते तपासनिसांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी पाहिले होते.

"रानात कुठेतरी थांबलोय," त्या म्हणाल्या, "बाहेर थंडी आहे, आणि आत मी ऊन पाण्याने अंघोळ करतेय. विचार करा."

"छान आहे," तपासनीस म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

मग गाडी चालवून पाहण्याचे ठरले. बाई चालकाच्या आसनावर बसल्या. घरची छोटी गाडी त्याच चालवीत आणि उत्तम चालवीत. विक्रेता त्यांच्या शेजारी बसला. तपासनिसांनी मागे जेवणाच्या मेजाशी असलेल्या बाकावर बसून पट्टा लावला. गाडी आवाराबाहेर पडली, गोदामांच्या रांगा मागे पडू लागल्या. यंत्राचा आवाज आत जवळजवळ येतच नव्हता. बाई विक्रेत्याला काहीतरी विचारत होत्या, विक्रेता हसत होता, आणि तपासनिसांच्या मनात प्रथमच असा विचार आला की कदाचित सारे ठीक होईल.

इतक्यात गतिरोधक आला. गाडीची पुढची चाके त्यावर चढली, उतरली, मग मागची चढली; आणि त्या हिसक्यासरशी समोरच्या भिंतीवरील, छपरालगतच्या कपाटाची झडप सुटून वर उडाली. कपाट रिकामे होते. आत अंधार असायला हवा होता. पण त्या अंधारात, जिथे भिंत छपराला मिळते तिथे, एक पांढरी रेघ उघडली आणि मिटली. निजलेल्या माणसाची पापणी क्षणभर वर व्हावी आणि आतले बुबूळ दिसावे, तशी.

झडप खाली पडली. सारे पूर्ववत झाले.

त्यांनी प्रथम स्वतःलाच दोष दिला. 'भास आहे. तुला दिसतंच.' त्यांना ते गावाच्या टोकाचे घर आठवले. त्याचे सरळ, निगरगट्ट छप्पर आठवले. ज्या डोळ्यांनी ती खचण पाहिली होती तेच हे डोळे. जे मन वर्षानुवर्षे घराबाहेर पडायला नाखूश आहे, ते आज आयत्या वेळी उजेडाची एक रेघ काढून दाखवणार नाही कशावरून? त्यांनी खिशातून हात काढला आणि तळहात भिंतीला लावला. डोळे मिटले.

पुढचा गतिरोधक आला. भिंत एका दिशेला गेली आणि छप्पर दुसऱ्या. फार नाही, केसभर. पण दोघे वेगवेगळे गेले. छपरावरचे ते वजनदार यंत्र, ते सौरपत्रे, भिंतीला लटकलेले ते ओढछत, हे सारे अलंकार आपल्या भाराने तो सांधा सैल करीत होते. गाडी प्रदर्शनामागून प्रदर्शने फिरत होती आणि सांधा उघडत-मिटत होता. झडप पुन्हा उडाली. रेघ पुन्हा दिसली. या वेळी ती रुंद होती, आणि तिच्यातून थंड वाऱ्याची एक झुळूक आत येऊन तपासनिसांच्या कपाळाला लागली.

"मागे कसं वाटतंय?" बाईंनी आरशात पाहत विचारले.

शेजारच्या लेकुरवाळीकडे पाहून हसावे तसे तपासनीस हसले. "ठीक," ते म्हणाले. डब्यात माणसे होती. दार अजून उघडले नव्हते.

परंतु दार उघडल्यावर तरी काय? हाच विचार त्यांच्या छातीवर धोंड्यासारखा बसला. बोलावे, तर बाईंच्या मनातली ती वाट कायमची मिटणार. त्या भांडणार नाहीत, नुसत्या घरी येऊन ताटे पुसतील. न बोलावे, तर याच छपराखाली त्या निजणार, घाटातून उतरणार, सोसाट्याच्या वाऱ्यात ही गाडी हाकणार. एका हाताने त्यांचा जीव जाणार होता आणि दुसऱ्या हाताने त्यांची इच्छा, आणि दोन्ही हात तपासनिसांचेच होते. लिफ्टच्या पोकळीत ते कधी इतके भ्याले नव्हते. तिथे निदान खाली नेणारे बटण हाताशी असे.

रस्त्याच्या टोकाला, जिथे गाडी वळवायला मोकळी जागा होती, तिथे बाईंनी गाडी थांबवली. "काय बाई लोणी आहे," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "हलतसुद्धा नाही."

तपासनीस उठले. आपण काय बोलणार आहोत हे त्यांनाही ठाऊक नव्हते. "आता मी चालवतो," ते म्हणाले.

बाई वळून पाहतच राहिल्या. "तुम्ही?"

"हो."

"आपली छोटी गाडी गल्लीतून मागे घ्यायची असली तर तुम्ही शेजाऱ्यांना हाक मारता."

"आज चालवतो. तू मागे बस. मी बसलो होतो ना, तिथेच बस. पट्टा लाव."

बाईंना हसू आले आणि त्या हसण्यात कौतुकही होते. नवऱ्याचा हा उत्साह पाहून त्यांचे मन भरून आले असावे. त्या मागे जाऊन बसल्या. विक्रेत्याने तपासनिसांच्या हातांकडे पाहिले आणि आपला पट्टा जरा आवळून घेतला.

गाडी सुरू झाली. काचेपलीकडचा रस्ता एकाएकी फार अरुंद वाटू लागला, गाडी दोन्ही अंगांनी अवाढव्य. समोरून एक मालमोटार आली आणि तिच्या वाऱ्याच्या झोतासरशी सारे घर डोलले. तपासनिसांच्या हातातून घामाने चाक निसटू पाहत होते. मागून हॉर्न वाजले.

"काका, थोडं वाढवलंत तरी चालेल," विक्रेता अदबीने म्हणाला. पुढ्यात ब्रेक नसतानाही त्याचा उजवा पाय तो दाबत होता.

दूरवर गतिरोधकाचे पट्टे दिसू लागले. आणि तेव्हा तपासनिसांच्या ध्यानात आले की या गतीने गेलो तर काहीच होणार नाही. कपाट मिटलेले राहील, बाईंना काहीच दिसणार नाही, आणि आपण शब्दही पाळलेला असेल आणि पत्नीलाही गमावलेले असेल. ज्या माणसाने जन्मात कुठला गतिरोधक वेगाने ओलांडला नव्हता, त्याने आता वेग वाढवला पाहिजे होता. आणि तो सांधा बाईंच्या डोक्यापासून हाताच्या अंतरावर होता. आज, याच क्षणी, तो पूर्ण उघडला तर? जिला जपायचे तिलाच आपण मुद्दाम त्याखाली बसवले आहे, हेही त्यांच्या मनात आले.

त्यांनी पाय दाबला.

"काका," विक्रेता म्हणाला. "काका, समोर..."

गाडी उसळली. मागे झडप आपटली, काहीतरी करकरले, आणि मग शांतता पसरली. तपासनिसांना मागे वळवेना. रस्ता समोर सरकत राहिला. त्या शांततेत त्यांनी जे भोगले त्याचे वर्णन करण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

"गाडी थांबवा," बाईंचा आवाज आला.

त्या पट्टा सोडून उभ्या होत्या. त्यांचा हात कपाटाच्या आत, छपरालगत होता. "इथून उजेड येतोय," त्या म्हणाल्या. "वारापण येतोय."

विक्रेता मागे गेला आणि टाचा उंचावून त्याने कपाटात पाहिले. त्याचा गोल चेहरा उतरला. त्यालाही हे ठाऊक नव्हते हे उघड होते. "पट्टी सुटली असेल, काकू. वर्कशॉपमधून रबर भरून देऊ. आणि किमतीतही अजून काहीतरी करता येईल, मी साहेबांशी बोलतो."

बाईंनी ते ऐकले की नाही कोण जाणे. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या. "तुम्ही मला तिथे का बसवलंत?"

तपासनिसांनी उघड्या कपाटाकडे पाहिले.

"तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"कधी?"

"तू चालवत होतीस तेव्हा."

बाई दारातून उतरून पायरीवर बसल्या. विक्रेत्याने शहाणपणा केला आणि तो फोन काढून दूर जाऊन उभा राहिला.

"मी घेतलीच होती ही," बाई म्हणाल्या. "मनातून घेऊन झाली होती. गरम पाण्यापाशीच." मग वर पाहून म्हणाल्या, "मला तिथे काही दिसलं नसतं, तर? मी सही करायला बसले असते, तर बोलला असता?"

"ठाऊक नाही," तपासनीस म्हणाले. "शब्द दिला होता."

"असले कसले शब्द हो आपले." बाईंनी हात मांडीवर एकमेकांत गुंतवले. "छप्पर गेलं असतं तर गेलं असतं. पण तुम्ही मागे बसून 'ठीक' म्हणालात, आणि मी आरशात बघून खरं मानलं. तुम्ही खोट काढता तेव्हा मला राग येतो. पण तुम्हाला दिसूनसुद्धा तुम्ही गप्प बसू शकता, हे आजवर मला माहीतच नव्हतं. माझे हातपाय गार पडलेत."

"तू पुन्हा मागणार नाहीस म्हणालीस. त्याला भ्यालो."

बाई उठल्या आणि त्यांनी साडीचा पदर सारखा केला. "चला. आत्याबाई बघू. आणि शब्द सोडला तुमचा. मनसोक्त खोट काढा. मीच सांगतेय."

आत्याबाई आवाराच्या मागच्या भिंतीशी उभी होती. "खरं सांगायचं तर हिच्यात दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून हिला मागे ठेवतो," विक्रेता म्हणाला. आता त्याची बोलण्याची हौस ओसरली होती आणि तो अधिक आवडण्यासारखा झाला होता.

बाईंनी ती चालवली. ती जड होती, वळणावर हट्ट करी, चढावर धापा टाके. मोरीच्या नळाला थंडगार पाणी आले. बाईंनी बोटे झटकली आणि नळ बंद केला. पलंगावर हात फिरवून त्या म्हणाल्या, "कुशीवर वळायचं तर आधी अर्ज करावा लागेल." पण गतिरोधकांवर कपाटे मिटलेली राहिली, आणि भिंत व छप्पर बरोबरच वर गेले, बरोबरच खाली आले.

आवारात परतल्यावर तपासनिसांनी कोट काढून ठेवला. बाई बाहेर ओट्यावर बसून पाहत राहिल्या. तपासनिसांनी कोपरे दाबले. सांध्यांवरून नख फिरवले. शिडी मागून छपरावर चढले, पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली शिरले. जमिनीच्या फळ्यांवर टाचेने ठोकत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. दार लावले, उघडले, लावले. प्रत्येक वेळी तोच भरीव, दबका आवाज. जसजसा वेळ जाऊ लागला तसतसा त्यांचा शोध शांत होण्याऐवजी अधिक घायकुतीला आला. पाहून झालेले कोपरे ते पुन्हा पाहू लागले. एखादा बुडणारा माणूस पाण्यात चाचपडतो तसे त्यांचे हात काहीतरी शोधत होते, आणि काही सापडत नव्हते.

बाई आत आल्या तेव्हा तपासनीस अरुंद पलंगाच्या कडेवर बसले होते. कपाळावरून घाम ओघळत होता.

"सापडलं?"

"नाही."

"काहीच?"

"दाराचं एक बिजागर जरा कोरडं आहे. तेल दिलं की झालं."

"मग इतका घाम कशाचा?"

तपासनिसांनी हातांकडे पाहिले. "नाही सापडलं, त्याचाच."

बाई समोरच्या पलंगावर बसल्या. जागा इतकी थोडी होती की दोघांचे गुडघे एकमेकांना लागले.

"भिंत ओली असली, जिना हलता असला, की मला बरं वाटायचं," तपासनीस हळूहळू बोलू लागले. एकेक शब्द ते जणू खोलातून वर ओढून काढत होते. "बोट ठेवायला जागा मिळायची. इथे नाहीये जागा. हिच्यात खोट नाही, आणि तरी मला भीती वाटतेय. मी घाबरलोय. आजपर्यंत मी हे असं कधी म्हटलं नाही."

"नाही म्हटलंत."

"अनोळखी गावात तुला काही झालं तर मी काय करू? मला झालं तर तू या एवढ्या गाडीत एकटी. मी रोज सकाळी उठून हाच विचार करणार. ही गाडी कितीही भक्कम असली तरी करणार."

"माझं सांगू?" बाई म्हणाल्या. "घरी त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही एक दिवस जाल, आणि मग मला कुणी विचारलं की तुम्ही दोघांनी काय काय पाहिलं, तर मी काय सांगू? मला ती भीती वाटते. तुम्हाला वाटायचं मला कसलीच वाटत नाही."

"कधी बोलली नाहीस."

"घरात एक घाबरणारा पुरे, असं म्हणत आले." त्या किंचित हसल्या. "निघालो तर निदान दोघंही मोकळेपणाने घाबरू. रस्त्यात बोलायला विषय तरी होईल."

तपासनिसांना हसू आले नाही, पण त्यांचा श्वास जरा खाली उतरला.

"एक करा," बाई म्हणाल्या. "खोट दिसली तर खोट म्हणा. मी ऐकीन, बघीन, हात लावून बघीन. आणि भीती वाटली तर भीती म्हणा. एकाचं नाव दुसऱ्याला देऊ नका. आणि मला 'ठीक' म्हणून हसून दाखवू नका, काही झालं तरी."

"आणि गरम पाणी?"

बाईंनी मोरीकडे पाहिले. त्या नजरेतून ती वाफ धरलेली आरसपानी न्हाणी जाताना दिसली, आणि तपासनिसांनी ती जाऊ दिली.

"शेगडी आहे," थोड्या वेळाने बाई म्हणाल्या. "पातेलं घेऊ मोठं. चला, तो बिचारा बाहेर थंडीत ताटकळलाय."

सही बाईंनी केली. आत्याबाईला घेऊन त्या आवाराच्या फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा तपासनीस त्यांच्या शेजारी बसले होते आणि दारावरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. पहिल्याच चौकात एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली.

"घाबरलो," तपासनीस म्हणाले.

"मीपण," बाई म्हणाल्या, आणि गाडी वळवली.

त्यांचे प्रयाण सुखकर होवो. वाटेतल्या नद्या त्यांना आपल्या मुखापर्यंत नेवोत, घाट त्यांना सांभाळून उतरवोत, परगावची माणसे त्यांना दार उघडोत. आणि भीत भीत का होईना, एकमेकांना खरे सांगत जी दोन माणसे निघाली आहेत, त्यांच्या प्रत्येक मुक्कामी त्यांना शांत झोप लाभो.